मासळीचे आजोळ

डिचोली महालाला समुद्रकिनारा नाही. पेडणे महालाला तो आहे. उत्तरेस तेरेखोलच्या मुखापासून केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी असे करीत थेट शापोऱ्याच्या मुखापर्यंत. म्हणून समुद्राविषयी काही लिहावयास घेतले की डिचोलीचा वाचक पान उलटतो, आणि पेडण्याचा वाचकही, त्याचे घर किनाऱ्यापासून कोस-दोन कोस आत असले तर, हा विषय खारव्या-गाबितांचा आहे असे समजून पुढे जातो. वाचकहो, आज पान उलटू नये अशी विनंती आहे. शुक्रवारी म्हणा की रविवारी म्हणा, आपल्या ताटात जी मासळी येते तिच्यापैकी कितीतरी जातींचे बाळपण समुद्रात जातच नाही. ते जाते नदीच्या मचूळ पाण्यात, खाजनाच्या पोंयीत आणि तिवरांच्या मुळांत. म्हणजे पार्से, तुये, आगरवाडा या गावांच्या आणि तिकडे पिळगाव, नार्वे, मये या गावांच्या अगदी उंबरठ्यावर.

सुंगटाचेच उदाहरण घ्या. सुंगटाची मादी अंडी घालते ती समुद्रात, आणि एकेका वेळी लाखांच्या हिशेबात. अंडे एका दिवसाच्या आतच फुटते. आतून जो जीव बाहेर पडतो तो सुंगटासारखा मुळीच दिसत नाही. पाण्यावर तरंगणारा तो एक ठिपका असतो. दोन-तीन आठवड्यांत अनेक वेळा कात टाकून तो सुताच्या तुकड्याएवढा होतो, आणि मग भरतीच्या पाण्याबरोबर नदीच्या मुखातून आत शिरतो. तेथे त्याला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे अन्न. तिवरांची पाने चिखलात कुजतात, त्या कुजलेल्या पानांवर सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्या जिवांवर ही पोरे वाढतात. दुसरी गोष्ट म्हणजे आडोसा. मुळांच्या त्या जाळीत मोठ्या माशाला शिरता येत नाही. असे काही महिने काढून, अंगाने भरल्यावर, सुंगट पुन्हा ओहोटीबरोबर समुद्राकडे निघते. आपल्याकडे पुष्कळ मुले जन्मतात एका घरी आणि वाढतात आजोळी. सुंगटांचे हेच आहे. त्यांचे घर समुद्रात असेल, आजोळ मात्र आपल्या नदीत आहे.

शेवट्यांची रीत बरीचशी अशीच, आणि तांबोशांची पिलेही खाडीत वाढतात. चणकाची गोष्ट मात्र अधिक नवलाची. चणक नदीत व खाडीत राहतो आणि अंडी घालण्यासाठी मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. तो आरंभी नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, पुरेसा मोठा झाला म्हणजे त्याची मादी होते. याचा अर्थ असा की बाजारात ज्या मोठ्या चणकाकडे आपण कौतुकाने पाहतो, तो बहुधा मादी असतो. आणि ज्या नदीतून मोठे चणक सारेच्या सारे काढले गेले, त्या नदीत उरलेल्या लहानांत अंडी घालणारी कोणी नसते. हे ठाऊक नसताना माणसाने मोठा मासा धरला तर त्याला दोष कसा द्यावा? पण आता ते ठाऊक झाले आहे.

तिसऱ्या व कालवे यांना तर आजोळ काय आणि घर काय, एकच. तिसरी चिखलमिश्रित वाळूत रुतून बसते, पाणी आत घेते, त्यातील अन्न गाळून घेते आणि पाणी बाहेर सोडते. तिला पळता येत नाही. नदीच्या पाण्यात जे काही येईल ते तिला सोसावे लागते. नदीची प्रकृती कशी आहे हे जाणावयाचे असेल तर वैद्याने नाडी पाहावी तशी तिसरी पाहावी.

आपल्या पूर्वजांना सुंगटाच्या जन्माची ही सारी हकीकत शास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हती. तरीही त्यांनी जे खाजन उभे केले ते पाहिले म्हणजे त्यांच्या निरीक्षणाबद्दल आदर वाटतो. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून गोव्याच्या नद्यांकाठी चिखल, जांभा दगड आणि गवत यांचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले गेले. बांधाच्या आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात, बांधाबाहेर तिवर, आणि दोहोंच्या मध्ये मानस. जुन्या माणसांना मानस सांगावयास नको. परंतु ज्यांचे बालपण पणजीच्या वा मुंबईच्या माळ्यांवर गेले अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. मानस म्हणजे बांधातील दार. त्याच्या लाकडी फळ्या अशा बसविलेल्या असतात की भरती आली म्हणजे पाण्याच्या दाबानेच त्या मिटतात, आणि ओहोटी लागली म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यासाठी कोणी माणूस रात्रभर जागत बसावयास नको. चंद्र व समुद्र मिळून ते काम करतात. जेवढे खारे पाणी आत घ्यावयाचे तेवढे घेता येते, आणि त्या पाण्याबरोबर मासळीची पोरेही पोंयीत येतात, तेथे वाढतात, आणि ओहोटीला बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. मानशीच्या मासळीची चव ज्याने चाखली त्याला तिचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही, आणि ज्याने चाखली नाही त्याला ते करून उपयोग नाही.

आम्हांला येथे चवीपेक्षा व्यवस्थेविषयी बोलावयाचे आहे. मानशीची पावणी होत असे. गावकरीच्या सभेत बोली लागे, आणि जो अधिक बोली करील त्याला ठरलेल्या मुदतीपुरता मासळी धरण्याचा हक्क मिळे. पावणीचा पैसा गावकरीच्या पेटीत जाई, आणि बांधाची डागडुजी गावकरीच्याच माथी असे. भाताच्या दिवसांत खारे पाणी आत सोडावयाचे नाही, हा दंडक होता. म्हणजे मासळी, भात आणि बांध ही तीन्ही एकाच सूत्रात बांधलेली होती. मासळीच्या लोभाने बांध बुडविला तर भात बुडणार आणि पुढच्या वर्षीची पावणीही बुडणार, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. आता, गावकरी म्हणजे केवळ सोन्याचा काळ होता असे आम्ही म्हणणार नाही. हक्क होता तो गावकारांच्या वंशातील पुरुषांना. ज्यांनी बांधावर चिखल वाहिला त्यांतील बहुतेकांना सभेत बसावयास जागा नव्हती. कूळकायदा आला तो याच अन्यायावर, आणि तो यावयास हवाच होता. परंतु १९६४ च्या त्या कायद्यानंतर जमीन कुळांकडे गेली, गावकरीचा हात सैल झाला, आणि बांध कोणाचा हा प्रश्न कितीतरी गावांत अनुत्तरित राहिला. कुळांचे संघ स्थापन झाले; काही चांगले चालले, काही कागदावर राहिले. मधल्या काळात मानशीच्या मासळीला एवढा भाव आला की काही ठिकाणी ठेकेदाराने भाताच्या दिवसांतही खारे पाणी आत घ्यावयास कमी केले नाही. शेत बुडाले, बांध आतून पोखरला, आणि शेवटी फुटला. गोव्यात खाजनाची जमीन सुमारे १८,००० हेक्टर धरली जाते. तिच्यापैकी किती शेतांत आज भात डोलते आणि किती शेतांत नुसते पाणी उभे आहे, हे शापोऱ्याच्या काठाने चालत गेलेल्या कोणालाही दिसेल.

कोणी म्हणेल, बांध फुटून तिवर वाढले तर मासळीचे भलेच झाले की! अंशतः हे खरे आहे. परंतु फुटलेल्या बांधाची माती नदीतच जाते, आणि मागील शेतात खारे पाणी शिरून विहिरीही मचूळ होतात. बांधाबाहेर तिवर असावेत, कारण लाटेचा मारा तेच सोसतात. आणि बांधाआत भात असावे. दोघांचेही एकमेकांवाचून चालत नाही. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना स्वतंत्र संरक्षण दिलेले आहे ते याचसाठी. खाजनात भर घालून प्लॉट पाडणाऱ्यांना ते ठाऊक नसते असे नाही.

आता डिचोलीकडे वळू. मांडवीच्या काठी, पिळगावच्या हद्दीत सारमानस नावाचे ठिकाण आहे. नावातच मानस आहे. त्याच सारमानसच्या धक्क्यावर खनिज बार्जींत भरले जाई आणि मांडवीतून मुरगाव बंदरात जाई. लोखंडाच्या खाणींचे परवाने पोर्तुगीज अमदानीतील १९०६ च्या कायद्याखाली दिले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची मागणी वाढली तसा हा व्यवसाय फोफावला. शिरगाव, लामगाव, मुळगाव, मये या गावांना त्याने पैसा दिला, ट्रक दिले, पुष्कळ घरांवर कौले जाऊन स्लॅब आले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु एक टन खनिज काढण्यासाठी दोन-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते. ती माती डोंगरासारखी रचली जाते, आणि आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ती तांबडी माती ओहोळांत, ओहोळांतून डिचोली नदीत व वाळवंटीत, आणि तेथून मांडवीत उतरे.

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्यातील परुळेकर, अन्सारी व इंगोले या शास्त्रज्ञांनी १९८६ साली गोव्याच्या खाड्यांतील तिसऱ्यांवर आणि तळाच्या जीवांवर खाणींचा काय परिणाम झाला याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणींचा गाळ जेथे साचला तेथे तिसऱ्यांचे उत्पादन सत्तर टक्क्यांहून अधिक घटलेले त्यांना आढळले. तळाशी कायमचे राहणारे जीव जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि त्यांच्या जागी काहीही सोसणारे, येणारे-जाणारे थोडे जीव उरले होते. नाडी पाहिली गेली होती. रोग काय तेही कळले होते. त्यानंतर पाव शतक खाणी वाढतच गेल्या. २०१०-११ साली गोव्यातून झालेली खनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या घरात होती. पुढे २०१२ साली न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल आला आणि त्याच वर्षी प्रथम सरकारने व मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने, ८८ पट्टे रद्द होऊन, परत थांबल्या. त्या बंदीच्या वर्षांत डिचोलीतील किती घरांत चूल कशी पेटली हे ज्यांनी पाहिले आहे, ते खाणी बंद पडल्या म्हणून टाळ्या वाजविणार नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव झाले. पहिलाच गट डिचोलीचा होता, आणि २०२४ पासून तेथे पुन्हा काम सुरू झाले आहे.

तेव्हा खाण असावी की नसावी हा वाद येथे घालण्यात अर्थ नाही. ती आहे. प्रश्न आहे तो तिची माती कोठे जाते हा. मातीचा ढीग उताराने कसा रचावा, त्याच्या पायथ्याशी दगडी बंधारा कसा घालावा, गढूळ पाणी तळ्यात अडवून गाळ खाली बसल्यावरच पुढे कसे सोडावे, हे सर्व खाणीच्या परवान्यांत लिहिलेले असते. ते परवाने पाहावयास मिळतात. जून-जुलैच्या भर पावसात, ओहोळाचे पाणी तांबडे वाहते आहे की स्वच्छ, एवढे पाहून तारीख-वार टिपून ठेवावयास कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. मयेच्या वा पिळगावच्या ग्रामसभेत असा टिपलेला कागद पुढे आला, तर त्याचे वजन तोंडी तक्रारीपेक्षा पुष्कळ अधिक असते.

पेडण्याच्या लोकांनी यावर डिचोलीकडे बोट दाखवून स्वस्थ बसू नये. शापोरा नदी डिचोलीच्या साळ गावावरून आणि पेडण्याच्या इब्रामपूर, चांदेलवरून खाली येते; दोन्ही महालांची ती सामाईक आहे. २०१९ च्या ऑगस्टात तिला पूर आला तेव्हा साळ आणि इब्रामपूर ही दोन्ही गावे एकदमच पाण्यात होती. त्या शापोऱ्यातून व तिकडे तेरेखोलमधून रात्रीच्या रात्री रेती उपसली जाते. बेकायदा उपशाच्या प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला वारंवार लक्ष घालावे लागले आहे, तरी होड्या थांबत नाहीत. घर बांधावयाचे तर रेती लागते, हे आम्हांलाही कळते; आमचेही घर रेतीचेच आहे. परंतु नदीचा तळ खणला म्हणजे तिसऱ्यांचे बीज रेतीबरोबर ट्रकात जाते, काठ कोसळतात, आणि काठावरील माड पुढच्या पावसात नदीत आडवे होतात. पंपाने तळ उपसणे निराळे आणि पूर्वीप्रमाणे ओहोटीला पाट्यांनी थोडी रेती काढणे निराळे. या दोहोंत कायद्याने फरक करावा, आणि मग तो कडकपणे पाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरसकट बंदी असली म्हणजे प्रामाणिक पाटीवाला तेवढा घरी बसतो.

इतका वेळ आजोळाविषयी झाले. आजोळी वाढलेली ही पोरे समुद्रात उतरल्यावर त्यांचे काय होते?

मुक्तीपूर्वी आपल्या किनाऱ्यावर रापण चाले. मोठी होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळ काढी, आणि काठावरून पाच-पन्नास माणसे दोन्ही टोके ओढीत. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळे. साठच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले. ते आणण्यासाठी सरकारने अनुदान दिले, आणि परदेशात सुंगटांना भाव होता. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडीत जाते. सुंगटांबरोबर जे काही सापडेल ते सर्व वर येते, लहान-मोठे, खाण्याचे-न खाण्याचे, अंड्यांनी भरलेले. ज्याला भाव नाही ते मेल्यावर परत पाण्यात टाकले जाते. हे ट्रॉलर काठाजवळ येऊ लागले तेव्हा रापणकारांची जाळी फाटली आणि वाटेही आटले. सत्तरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी संघटित होऊन जो लढा दिला त्याचे नेतृत्व करणाऱ्यांत माथानी साल्ढाणा हे शिक्षक अग्रणी होते. त्या लढ्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. काठापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरने यावयाचे नाही, आणि जाळ्याचे डोळे ठरल्याहून बारीक असावयाचे नाहीत: सुंगटांसाठी २० मिलिमीटर, इतर मासळीसाठी २४.

हा कायदा नीट वाचला तर त्यात नवीन असे काय आहे? पोंयीतील मासळी सारी काढावयाची नाही, बीज राखावयाचे, आणि एकाच्या लोभाने दुसऱ्याचे शेत बुडवावयाचे नाही, हाच मानशीचा दंडक समुद्रावर नेलेला आहे. फरक इतकाच की मानस गावाच्या डोळ्यांसमोर असे. समुद्रावर पाचवा किलोमीटर कोठे संपतो हे रात्री कोण पाहतो? गस्तीची होडी एक आणि ट्रॉलर शेकडो. पुढे बुल ट्रॉलिंग आले, म्हणजे दोन ट्रॉलर मिळून एकच मोठे जाळे ओढावयाचे. त्यामागून एलईडीचे दिवे आले. अंधाऱ्या रात्री पाण्यावर प्रखर उजेड पाडला की मासळी त्याच्याभोवती गोळा होते, आणि मग थव्याच्या थवा, पोराबाळांसह, एका जाळ्यात उचलता येतो. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी या दोन्ही प्रकारांवर बंदी घातली. राज्याचा अधिकार काठापासून बारा सागरी मैलांपर्यंतच चालतो, त्यापलीकडचा समुद्र केंद्राचा. म्हणून केंद्राचा हुकूम आवश्यक होता. तरीही दिवे लागलेले दिसतात अशी तक्रार लहान होडीवाले दर हंगामात करतात.

पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. २०१५ पूर्वी ती ४७ दिवस होती. हे दिवस कितीतरी जातींच्या विणीचे आहेत. या काळात बाजारात ताजी मासळी महाग होते आणि घरोघरी कुरकुर सुरू होते. गृहिणींना आमचे सांगणे असे की, खारावलेले बांगडे आणि सुके सुंगट यांची जी बेगमी आपल्या आज्या मे महिन्यात करीत, ती केवळ दारिद्र्यापोटी नव्हती. ज्या मोसमात समुद्र उधाणलेला असे त्यात तो आपोआप मिटे. आता इंजिनाला उधाणाची भीती राहिली नाही, म्हणून कायद्याने दार लावावे लागते. आपल्या डिचोली-पेडण्यात पहिल्या पावसाला ओहोळांतून शेतांत चढणारे मासे धरण्याची हौस मोठी आहे. त्या चढणीच्या माशांच्या पोटात बहुधा अंडी असतात. एक-दोन धरावे, घमेलेभर धरू नयेत. शेतकरी कितीही भुकेला असला तरी पेरणीचे भात शिजवीत नाही.

एवढे मोठे अरबी समुद्राचे पाणी, त्यातील मासळी संपेल कशी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. आपल्या वडीलधाऱ्यांना बाकाल्याव ठाऊक आहे. पोर्तुगीज जेवणातील ती सुकी खारी मासळी, कॉड नावाची. ती पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नसे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज, बास्क, फ्रेंच व इंग्रज होड्या अटलांटिक ओलांडून कॅनडाजवळ न्यूफाउंडलंडच्या समुद्रात जात आणि भरून येत. चारशे वर्षे ती मासळी संपली नाही, म्हणून ती संपणारच नाही असे सर्वांनी धरून चालले. मग यांत्रिक, बर्फघरे असलेली जहाजे आली. १९६८ या एका वर्षात तेथे सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली, कारण धरावयास कॉडच उरला नव्हता. सुमारे तीस हजार माणसे एका दिवसात बेकार झाली. गावेच्या गावे ओस पडली. सर्वांना वाटले, दोन वर्षांत मासळी परतेल. ती बंदी औपचारिकपणे उठली २०२४ साली, बत्तीस वर्षांनी, आणि तीही अगदी थोड्या मासळीपुरती. आपल्या बांगड्याचे, तारल्यांचे असे होईलच असे भाकीत आम्ही करीत नाही. बांगडा लवकर वाढतो, कॉड सावकाश. पण आजदेखील गोव्याच्या बाजाराला परराज्यांतून येणाऱ्या मासळीचा टेकू लागतो. २०१८ च्या जुलैत फॉर्मालिनचा बोभाटा झाला आणि बाहेरची मासळी काही दिवस थांबली, तेव्हा आपली स्वतःची किती आहे ते सर्वांना कळून आले.

मोरजीच्या कासवांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर पेडण्याचे वाचक रागावतील. ऑलिव्ह रिडले जातीची मादी ज्या किनाऱ्यावर जन्मली त्याच भागात वर्षांनंतर अंडी घालावयास परत येते. बाळंतपणाला माहेरी यावे तशी. रात्री वाळू उकरून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि निघून जाते. पन्नास-एक दिवसांनी पिले निघतात आणि ज्या बाजूला अधिक उजेड दिसेल तिकडे धावतात. दिवे नसलेल्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. तेंबवाड्यापाशी हॉटेलांचे दिवे लागले तर पिले जमिनीकडे वळतात आणि सकाळी कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतात. पूर्वी आपल्याकडे ही अंडी खात असत, विकीतही असत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वनखात्याने मोरजीच्या गावकऱ्यांनाच हाताशी धरून घरट्यांची राखण सुरू केली. अंडी शोधण्याची विद्या ज्यांच्याकडे होती तेच राखणदार झाले. २०११ च्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या चार किनाऱ्यांची नावे कासवांसाठी घातली गेली, आणि अलीकडच्या वर्षांत घरटी पुन्हा वाढू लागली आहेत. शेजारच्या महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावाने २००२ पासून हेच केले. आता तेथे पिले समुद्रात जाताना पाहावयास लोक मुंबई-पुण्याहून येतात, गावातल्याच घरी राहतात, गावातल्याच घरी जेवतात. गावाच्या हाती काम दिले तर काय होते हे पाहावयास आपल्याला फार दूर जावयास नको.

गृहिणींच्या हाती मात्र कायद्याहून अधिक सत्ता आहे, कारण भाव त्याच ठरवितात. केरळात २०१५ पासून किती लांबीहून लहान मासळी धरावयाची नाही हे ठरवून दिले आहे: बांगडा १४ सेंटिमीटर, तारली १०. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी अशी मापे ठरविली. गोव्यात हे माप पाळण्यास हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. बांगड्याच्या शेपटीपासून तोंडापर्यंत वीत भरत नसेल, तर तो टोपलीतच राहू द्यावा. मासळीवालीशी याविषयी भांडू नये. तिने तो धरलेला नाही. पुढच्या वेळी ती मोठाच आणील. तसेच नखाएवढ्या तिसऱ्यांचे वाटे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. शिजविल्यावर त्यांत शिंपाच अधिक निघतात हे स्वयंपाक करणारीला आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

आणि ज्या गावांत मानशीची पावणी आजही होते, तेथे कुळांच्या संघाच्या सभेला घरातील एकाने तरी जावे. पावणीच्या अटींत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: भाताच्या दिवसांत खारे पाणी घ्यावयाचे नाही, मानशीच्या जाळ्याचे डोळे बारीक असावयाचे नाहीत, आणि पावणीच्या रकमेतून बांधासाठी किती बाजूला काढावयाचे. हिशेब वाचून दाखविल्यावाचून सही करू नये.

पुढील खेपेस आगरवाड्याच्या मिठागरांविषयी लिहू.